लॅपटॉप मॉनिटरला जोडला की रिझोल्यूशन सारखं बिघडतं? नवीन काही विकत घ्यायच्या आधी हे तपासा

मॉनिटर नवा आहे, खोक्यावर रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे किती पिक्सेल (ठिपके), १९२० बाय १०८० छापलंय, आणि लॅपटॉपला लावला की सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर काही दिसतच नाही. किंवा दिसतं, लावताही येतं, पण जेवून परत येऊन बघावं तर अक्षरं पुन्हा मोठी आणि फताडी झालेली. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तिकडे ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्या, कुठेही बघा, आठवड्यातले काही दिवस तरी घरून काम चालू आहे आणि घरोघरी टेबलावर एक मॉनिटर आलाय, त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीतले, ऑफिसातले, बिल्डिंगमधले लोक सतत विचारतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. मला खरंच वाईट वाटतं की लोक चांगला मॉनिटर "खराब आहे" म्हणून परत करतात, नाहीतर कुणीतरी सांगितलं म्हणून विंडोज नव्याने टाकून घेतात, डेटा जातो, पैसे जातात, आणि मूळ भानगड असते एका केबलमध्ये किंवा त्या छोट्या अडॅप्टरमध्ये.

आधी एवढं ठरवा की तुमचा त्रास नक्की कुठला. हवं ते रिझोल्यूशन लिस्टमध्येच नाही, हा एक प्रकार. लिस्टमध्ये आहे, लावलंय, तरी अक्षरं धूसर दिसतात, हा दुसरा. आणि सगळं बरोबर होतं पण दर वेळी परत बिघडतं, हा तिसरा. तिघांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि लोक दुसऱ्याचा उपाय पहिल्यावर करत बसतात म्हणून तासन्‌तास जातात.

सगळ्यात आधी विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. तिथे डुप्लिकेट निवडलेलं असेल तर दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र जातं, म्हणजे दोघांना जमेल असंच रिझोल्यूशन मिळणार. लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची असेल, आणि जुन्या किंवा स्वस्त लॅपटॉपमध्ये ती तशीच असते, तर मॉनिटर बिचारा फुल एचडी (१९२० बाय १०८०) असूनही खालीच उतरतो. एक्स्टेंड करा किंवा सेकंड स्क्रीन ओन्ली करा आणि मग डिस्प्ले सेटिंगमध्ये वरच्या चित्रातला २ नंबरचा चौकोन निवडून त्याचं रिझोल्यूशन बघा. हा चौकोन निवडायला लोक विसरतात आणि लॅपटॉपच्याच स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलत बसतात. अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं, पुढचं वाचायचीही गरज पडत नाही.

नाही झालं तर आता मॉनिटरलाच विचारा. मॉनिटरच्या खाली किंवा मागे जी बटणं असतात त्यातून मेनू उघडा, इन्फॉर्मेशन किंवा इन्फो असं काहीतरी असतं, तिथे सध्या कुठलं सिग्नल येतंय ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं. याला मी फार मानते, कारण विंडोज काय म्हणतंय आणि वायरीतून प्रत्यक्षात काय येतंय यात फरक असू शकतो. विंडोजमध्येही ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये गेलात तर डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड असे दोन आकडे वेगळे दिसतात. दोन्ही सारखे नसतील तर मधे कुणीतरी चित्र ताणतंय किंवा आक्रसतंय, आणि धूसरपणाचं कारण तेच.

आता लिस्टमध्ये रिझोल्यूशनच नाही, हा प्रकार. यासाठी आत काय चालतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. केबल लावल्या लावल्या मॉनिटर आपला बायोडेटा लॅपटॉपला पाठवतो, लग्न जमवताना पाठवतात तसाच, मी कोण, माझी स्क्रीन किती बाय किती, मला किती हर्ट्झ चालतं वगैरे. याला ईडीआयडी म्हणतात, मूळ भाग फक्त १२८ बाइटचा, व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवून दिलेला. लॅपटॉप तो वाचतो आणि त्यावरूनच तुमची लिस्ट बनते. हा वाचता आला नाही तर लॅपटॉपला काहीच माहीत नसतं, मग तो कुठल्याही मॉनिटरवर चालेल असं काहीतरी लहान देतो, ८०० बाय ६०० नाहीतर १०२४ बाय ७६८.

आणि मुख्य गोष्ट अशी की चित्र वाहून नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि ही माहिती नेणाऱ्या तारा वेगळ्या. एचडीएमआयमध्ये १९ पिना असतात, त्यातल्या १५ आणि १६ नंबरवरून ही माहिती जाते, १८ वर ५ व्होल्ट असतात आणि १९ नंबरची पिन लॅपटॉपला सांगते की मॉनिटर लागलाय. जुन्या व्हीजीएमध्ये १५ पिना, तिथे माहितीचं काम १२ आणि १५ करतात. त्यामुळे १५ नंबरची एक पिन नीट टेकत नसेल तरी चित्र व्यवस्थित येतं, रंग बरोबर, सगळं बरोबर, फक्त रिझोल्यूशन चुकीचं. लोकांना वाटतं चित्र येतंय म्हणजे केबल चांगली आहे. तसं नसतं. अगदी स्वस्तातल्या काही व्हीजीए केबलमध्ये तर या माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात.

हे तपासायचं कसं? विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर (लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी) उघडा, त्यात मॉनिटर्स. तिथे जेनेरिक पीएनपी मॉनिटर किंवा मॉनिटरचं मॉडेल दिसत असेल तर माहिती पोचलीय. जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर दिसत असेल तर पोचलेली नाही, आणि मग सेटिंगमध्ये कितीही खटपट करा, उपयोग नाही. केबल काढून दोन्ही बाजूंनी नीट दाबून लावा, दुसरी केबल लावून बघा, मॉनिटरच्या दुसऱ्या एचडीएमआय सॉकेटमध्ये लावून बघा, मधला अडॅप्टर, स्प्लिटर, एक्स्टेन्शन जे काही असेल ते काढून थेट जोडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुटलं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत तेच. आपल्याकडे खाडीची दमट हवा, पावसाळ्यात तर विचारूच नका, मॉनिटर बरेच महिने न वापरता पडून असेल तर सॉकेटातल्या पिना काळवंडतात. लॅपटॉप आणि मॉनिटर बंद ठेवून केबल दोन-चार वेळा आत-बाहेर केली तरी कधी कधी कॉन्टॅक्ट साफ होतो.

अजून एक करून बघण्यासारखं म्हणजे मॉनिटरची पॉवरची वायर भिंतीतून काढा, लॅपटॉप बंद करा, सगळ्या केबल काढा, एखादं मिनिट थांबा, मग आधी मॉनिटर चालू करा आणि नंतर लॅपटॉप. नुसतं मॉनिटरचं बटण दाबून तो पूर्ण बंद होत नाही, आतलं सर्किट स्टँडबायला जागंच असतं, म्हणून वायर काढायची.

त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सही उघडून बघा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे चित्राची चिप नीट चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकून घेतलेल्या लॅपटॉपमध्ये हे हमखास सापडतं, म्हणजे रिझोल्यूशन सुटावं म्हणून विंडोज टाकून घेतलं आणि त्यानेच ते आणखी बिघडलं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल टाकून तिथला ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवा. कुठल्यातरी ड्रायव्हर अपडेटर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, प्लीज.

१३६६ बाय ७६८ च्या जुन्या मॉनिटरवर लिस्टमध्ये १३६० बाय ७६८ दिसतं आणि कडेला थोडं ताणल्यासारखं वाटतं, यावरही बरेच जण विचारतात. ईडीआयडीच्या एका भागात आडवे पिक्सेल आठच्या पटीतच लिहिता येतात, १३६६ ला आठने पूर्ण भाग जात नाही, म्हणून जवळचा १३६० येतो. मॉनिटर बिघडलेला नाही, दुसऱ्या सॉकेटमधून लावला तर बऱ्याचदा बरोबर आकडा मिळतो.

आता मोठ्या मॉनिटरवाल्यांचं, म्हणजे टू-के (२५६० बाय १४४०) आणि फोर-के (३८४० बाय २१६०). इथे माहिती पोचलेली असते पण वाटेत क्षमता कमी पडते. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी शेअरचे चार्ट बघायला २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला, लॅपटॉप रिफर्बिश्ड, इंटेल आठव्या जनरेशनचा. फोर-के लागायचं, पण माऊस ओढत नेल्यासारखा चालायचा, स्क्रोल केलं की अक्षरं थबकत थबकत सरकायची. ते म्हणाले, "ताई, लॅपटॉप स्लो झालाय, रॅम वाढवू का?" रॅमचा काही संबंध नव्हता. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये बघितलं तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ.

का, तर ३८४० बाय २१६० चं चित्र ६० हर्ट्झने पाठवायला ५९४ मेगाहर्ट्झचं पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) लागतं, आणि एचडीएमआय १.४, जे २००९ चं स्टँडर्ड आहे, त्याची हद्द ३४० ला संपते. ३० हर्ट्झला २९७ लागतात, ते बसतं, म्हणून तेवढंच मिळतं. ६० साठी एचडीएमआय २.० पाहिजे, ते २०१३ मध्ये आलं. पण स्टँडर्ड आलं म्हणजे लॅपटॉपमध्ये आलं असं नाही, इंटेलच्या सातव्या-आठव्या जनरेशनच्या चिपमध्ये एचडीएमआय मुळात १.४ चंच आहे, काही लॅपटॉप कंपन्यांनी वेगळी चिप घालून २.० दिलं, बाकीच्यांनी नाही. ऑफिसातून निघालेले सेकंडहँड लॅपटॉप आपल्याकडे भरपूर विकले जातात, तेव्हा हे घेतानाच बघून घ्या. काकांच्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्ट, म्हणजे एचडीएमआयसारखाच चित्र नेणारा दुसरा प्रकार, निघत होतं आणि तीच चिप डिस्प्लेपोर्टवरून फोर-के ६० देते, म्हणून टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी एक केबल आणली आणि प्रश्न मिटला. लॅपटॉप बदलावा लागला नाही, रॅमही नाही.

मात्र प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र निघत नाही, हे लक्षात ठेवा. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचे असतात. पोर्टच्या बाजूला डिस्प्लेपोर्टचं इंग्रजी डीसारखं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज असेल तर चित्र निघतं, चिन्ह नसेल तर मॉडेलचं स्पेसिफिकेशन वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

टाइप-सी हब (एका पोर्टमधून अनेक सॉकेट काढणारी डबी) लावणाऱ्यांचा तर हा नेहमीचा त्रास, खोक्यावर मोठ्या अक्षरात फोर-के आणि खाली बारीक अक्षरात ३० हर्ट्झ. टाइप-सीमध्ये वेगाच्या चार लेन (डेटाचे मार्ग) असतात, हबने त्यातल्या दोन यूएसबीच्या वेगवान डेटासाठी घेतल्या की चित्राला दोनच उरतात, आणि डिस्प्लेपोर्ट १.२ च्या दोन लेनमध्ये फोर-के ३० हर्ट्झपुरतंच मावतं. लॅपटॉप आणि हब दोघंही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर दोन लेनमध्येही ६० बसतं. म्हणून हब घेताना फोर-के ६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेलं बघा, आणि ते तुमच्या लॅपटॉपला लागू आहे का तेही.

टू-के म्हणजे २५६० बाय १४४० वाल्यांना वेगळीच अडचण येते. याला ६० हर्ट्झवर साधारण २४१ मेगाहर्ट्झ लागतात, म्हणजे एचडीएमआय १.४ मध्ये खरं तर आरामात बसतं. पण मधे डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयचा जुना साधा अडॅप्टर असेल तर त्याची हद्द १६५ मेगाहर्ट्झ असते, मग १९२० बाय १०८० च्या आसपासच गाडी अडते. अडॅप्टर बदला, बस. आणि हे अडॅप्टर एकाच दिशेने चालतात, डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयमध्ये जाणारे. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर वेगळा, स्वतःची पॉवर घेणारा कन्व्हर्टर लागतो, दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून मागताना कुठून कुठे जायचंय ते सांगून मागा.

मॉनिटरच्या मेनूतही एक गोष्ट लपलेली असते. काही मॉनिटर एचडीएमआय १.४ किंवा डिस्प्लेपोर्ट १.१ मोडवर सेट होऊन येतात, जुन्या लॅपटॉपशी जमावं म्हणून. तिथे जाऊन २.० किंवा १.२ केलं की लिस्टमध्ये ६० हर्ट्झ उगवतं. टीव्ही वापरत असाल तर त्यात प्रत्येक एचडीएमआय सॉकेटसाठी एन्हान्स्ड, डीप कलर अशा नावाने तेच सेटिंग असतं.

केबलबद्दल. "एचडीएमआय २.० केबल" असं दुकानात म्हणतात, पण केबलला अधिकृतपणे व्हर्जन नसतं, प्रकार असतात. हाय स्पीड, मग प्रीमियम हाय स्पीड जी सेकंदाला १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते, आणि अल्ट्रा हाय स्पीड ४८ साठी. फुल एचडीला कुठलीही बरी केबल चालते, उगाच महाग घेऊ नका. फोर-के ६० ला प्रीमियम घ्या आणि शक्यतो दोन मीटरच्या आतली. हॉलमधल्या टीव्हीपर्यंत दहा मीटर साधी केबल ओढून फोर-के मागितलं तर चित्र झिगझिग करणार किंवा मधेच काळं होणार. ठाण्यात स्टेशनच्या आसपास, वाशीत किंवा लॅमिंग्टन रोडला जात असाल तर लॅपटॉप सोबत घेऊन जा आणि दुकानातच लावून ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये हर्ट्झ बघूनच पैसे द्या.

धूसर अक्षरांचं आता. आधी रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ आकड्यावर आहे ना बघा, विंडोज त्याच्यापुढे रेकमेंडेड लिहितं. अक्षरं लहान वाटतात म्हणून रिझोल्यूशन कमी करणं हा सगळ्यात चुकीचा उपाय, त्यासाठी डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल (अक्षरांचा आकार) वाढवायचं, १२५ किंवा १५० टक्के. स्केल बदलल्यावर काही जुनी सॉफ्टवेअर धूसर दिसतात, टॅलीसारखी अकाउंटची किंवा ऑफिसची जुनी पोर्टल, तर एकदा साइन आउट करून परत या, बरीचशी सुधारतात. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील, खालचा टास्कबार अर्धा गायब असेल, तर ते ओव्हरस्कॅन आहे, टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा तत्सम निवडा, आणि त्या इनपुटचं नाव पीसी ठेवता येत असेल तर ठेवा, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्यानेच अक्षरं स्वच्छ होतात. व्हीजीए असेल तर मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा.

आणि २७ इंची फुल एचडी घेतला असेल तर एक खरं सांगते, त्याला इंचाला साधारण ८२ पिक्सेल येतात, तुमच्या १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपला १४१. दोन्ही शेजारी ठेवले तर मॉनिटरची अक्षरं खरखरीत दिसणारच, कुठलंही सेटिंग ते बदलणार नाही. थोडं लांब बसा. अजून घ्यायचा असेल आणि दिवसभर एक्सेल किंवा कोडिंग असेल तर २४ इंची फुल एचडी किंवा २७ इंची टू-के घ्या, डोळे तुमचेच आहेत.

राहिला तिसरा प्रकार, परत परत बिघडण्याचा, आणि लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते यालाच. सकाळी लावलं, चहाला उठलो, लॅपटॉप झोपला, उठवला की रिझोल्यूशन गेलं. यात बहुतेक वेळा मॉनिटर डीप स्लीपमध्ये जातो आणि लॅपटॉपला वाटतं केबलच काढली. परत जाग आल्यावर लॅपटॉप माहिती मागतो तेव्हा मॉनिटर अजून पूर्ण उठलेला नसतो, मग पुन्हा ते लहान रिझोल्यूशन. मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीप, पॉवर सेव्हिंग, ऑटो सोर्स असं जे असेल ते बंद करा आणि इनपुट एकाच सॉकेटवर पक्कं करा. तात्पुरतं सुधारायला विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात.

रिस्टार्ट केलं की बरोबर होतं पण शटडाउन करून चालू केलं की नाही, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवायची लिंक असते, आत फास्ट स्टार्टअपची खूण काढायची. कारण ते चालू असताना शटडाउनमध्ये विंडोज आतली अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उघडतं, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

विंडोज अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर दिसतंय का बघा. आणि डॉकमधून (टेबलावर ठेवायच्या मोठ्या हबमधून) जोडत असाल तर डॉकचंही फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, असतं, ते अपडेट करा. ऑफिसने दिलेले काही डॉक डिस्प्लेलिंक नावाच्या, यूएसबीवरून चित्र पाठवणाऱ्या तंत्रावर चालतात, त्यांना लॅपटॉपमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो, तो नसेल तर मॉनिटर चालत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिन हक्क नसतात, तेव्हा हेल्पडेस्कला नुसतं "मॉनिटर प्रॉब्लेम" लिहून पाठवू नका, लॅपटॉपचं मॉडेल, डॉकचं मॉडेल, कुठल्या केबलने जोडलंय, मॉनिटरच्या इन्फोमध्ये काय आकडा येतोय आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय नाव दिसतंय एवढं लिहा, स्क्रीनशॉट लावा. तिकीट इकडून तिकडे फिरत नाही, लवकर सुटतं.

एवढं सगळं करून, दोन वेगळ्या केबल आणि दोन वेगळे मॉनिटर लावूनही त्याच लॅपटॉपवर तेच होत असेल, आणि केबल बोटाने जरा वर दाबून धरली की बरोबर होत असेल, तर लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट ढिलं झालंय. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरला द्या. नसेल तर चित्र देणारं टाइप-सी पोर्ट आहे का बघा आणि तिथून काम चालवा. तेही नसेल तर बोर्डवर पोर्ट बदलून देणारे लोक आहेत, पण "मदरबोर्ड गेलाय, पूर्ण बदलावा लागेल" असं कुणी लगेच म्हणालं तर दुसऱ्या ठिकाणी दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.